भावंडे : निरंक

३ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र पोचलं. फोटो याही वेळी नाही. "पुढच्या पत्रात नक्की" हे तुझं वाक्य आता मला पाठ झालंय. फोनही नको म्हणतेस, तिकडे सगळं तपासतात म्हणून. बरं बाई, नको. पण भिंगरीला दाराच्या चौकटीला उभी कर, तिच्या उंचीएवढा दोरा काप आणि पाकिटात घालून पाठव. मी इथे भिंतीला लावून बघेन. दहा वर्षांची घोडी झाली असेल. गेली तेव्हा माझ्या कमरेला लागत होती.

तुझ्या पत्रातली ती सोबतीण वाचून मला हसू आलं. सरकारने नेमलेली बाई, दर मंगळवारी चार वाजता येते, कचरा पाच डब्यांत कसा टाकायचा ते शिकवते, वाचनालयात नेते आणि पाच वाजता जाते. चारशे तास भाषेचा वर्ग, वर दोन खोल्यांचं घर. आणि तीन वर्षं त्या इमारतीत राहून एकाही शेजाऱ्याने तुझ्याकडे वाटीभर साखर मागितलेली नाही, म्हणून तू रडतेस. धन्य आहे तुझी.

इथलं ऐक. मला सरकारने चार वर्षांत एकच गोष्ट दिली, नव्वद दिवसांचं कार्ड. ते संपलं की पुन्हा रांग, पुन्हा तेच कार्ड. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, काम करण्यास मनाई. मी रोज आठ तास धुलाईघरात हॉस्पिटलच्या चादरी इस्त्रीच्या रुळात घालते, हे कचेरीतल्या शिपायालाही माहीत आहे, कारण त्याच्याच बायकोने मला तिथे चिकटवलं. भाषेचा वर्ग कसला आलाय, रुळाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहणारी माझी जोडीदारीण हाच माझा वर्ग. पहिले सहा शब्द शिव्या होत्या. तपासनीस आला की ती मला मळक्या चादरींच्या गाड्यात बसवते आणि वरून मोठ्याने गाणं म्हणते, मला शिंक आली तर ऐकू जाऊ नये म्हणून.

कार्डावर तुझं वय असल्यामुळे मी इथे एकोणतीसची आहे. मुकादमीण म्हणाली, एवढ्याशा वयात एवढे पांढरे केस? मी म्हटलं, तुमच्याकडचं पाणी.

आता खरी बातमी. पुनर्वसनाच्या कचेरीतून बोलावणं आलंय, सतरा तारखेचं. तू दर पत्रात लिहितेस ना, "ताई, तुला बोलावण्याची फाइल सरकतेय, पण हळू"? सरकत सरकत इथवर आलेली दिसते. भिंगरीला इतक्यात सांगू नकोस. मला तिचं तोंड बघायचंय दारात मी उभी असताना.

तुझी ताई


१८ फेब्रुवारी

काल गेले होते. नेहमीसारखं खिडकीबाहेर उभं नाही ठेवलं, आत खुर्चीवर बसवलं. चष्मा लावलेली साहेबीण होती आणि आपली भाषा बोलणारा एक दुभाष्या. ते बोलावणं तुझ्या फाइलीवरून नव्हतंच. छावणीतून आलेल्या सगळ्यांनाच बोलावत होते, कुठे कोणी नातेवाईक आहेत का विचारायला. मी म्हटलं, आहे की, थोरली बहीण आहे, भाची आहे. नाव विचारलं. मी माझंच नाव सांगितलं. इतक्या दिवसांनी ते तोंडातून बाहेर पडलं.

बाईंनी टाइप केलं. सापडलं, म्हणाल्या. एक बाई आणि तिची मुलगी. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. असं दाखवायचं नसतं, असंही म्हणाल्या. दुभाष्याने वाचलं. नवरा, मयत. अपत्ये, एक. भावंडे, निरंक.

मी म्हटलं चूक असेल. त्यांनी खाली जाऊन पाहिलं. तुझी सही आहे. म्हणजे माझी सही आहे, तू केलेली. नंतरच्या चार वर्षांत तिकडून माझ्यासाठी एक अर्ज, एक चौकशी, एक ओळ गेलेली नाही. मग सरकत काय होतं गं?

विसरली असशील तर सांगते. त्या देशाची यादी आठ दिवसांत बंद होणार होती. लहान मूल असलेल्या बाईचा नंबर आधी. मला घेतलं असतं, पण माझ्या छातीच्या फोटोत डाग निघाला. नऊ महिने गोळ्या, तोवर प्रवास बंद. तू धडधाकट, पण एकटी, तुला कोण विचारतंय. भिंगरीच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून माझं नाव. म्हणून आपण कागद बदलले. तू झालीस मी, मी झाले तू. माझं नाव, माझं लग्न, माझ्या नवऱ्याला घरातून ओढून नेलं ती सकाळ, बाळंतपणातले टाके, सगळं मी तुला बसवून बसवून शिकवलं. आणि त्या सगळ्याच्या बदल्यात तुला एकच वाक्य बोलायचं होतं, "मला एक धाकटी बहीण आहे, ती छावणीत आहे."

तेवढंच तू बोलली नाहीस.

साहेबीण विचारत होत्या, तुम्हाला काही सांगायचं आहे का. माझ्या ओठावर आलं होतं. पण सांगितलं तर दोघी खोट्या ठरतो आणि मधल्या मध्ये पोरगी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी म्हटलं, नाही. पाणी प्यायले आणि घरी आले.

मला कारण हवंय. उलट टपाली.


२१ मार्च

महिना झाला. तुझ्या सोबतीणबाई मंगळवार चुकवत नाहीत, तू मात्र पत्र चुकवतेस.

"माय मरो पण मावशी जगो" असं आपल्यात म्हणतात. तू ती म्हण फारच मनावर घेतलीस. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते, आता सहा चांगल्या येतात मला. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. केसाने गळा कापलास माझा, आणि वर दर दोन महिन्यांनी "तब्येत जप ताई" लिहीत राहिलीस.

काल रुळात चादर तिरकी गेली. जोडीदारीण ओरडली, हात भाजला असता. तिने विचारलं कोण मेलं? मी म्हटलं बहीण. तिने मशीन बंद केली आणि मला जवळ घेतलं. मी खोटं बोलले असं मला वाटलंच नाही.


२९ एप्रिल

पत्र मिळालं. आठ पानं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कुठे खरं काय ते सापडलं, सहाव्या पानावर.

म्हणजे असं. मुलाखतीच्या दिवशी रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईने तुला सांगितलं, की कुटुंबात कोणाला छातीचा आजार असेल तर अख्ख्या कुटुंबाची फाइल बाजूला ठेवतात. तू घाबरलीस. आत गेलीस आणि बहीण नाही म्हणालीस. नंतर कळलं की तसा काही नियमच नव्हता. पण एकदा दिलेलं उत्तर बदललं की सगळीच उत्तरं तपासायला घेतात, म्हणून गप्प बसलीस.

धाकटे, इथवर मी समजू शकते. खरंच. तिथे मी असते तर माझीही तंतरली असती. त्या एका दिवसाचा राग माझ्या मनात फार नाही. पण त्यानंतरचे चार वर्षांचे दिवस? फाइल सरकतेय, साहेब रजेवर आहे, नियम बदललेत, कागद हरवला, पुन्हा भरला. बसून बसून रचत होतीस. मी ती पत्रं जोडीदारणीला तिच्या भाषेत वाचून दाखवायची. ती म्हणायची, तुझी बहीण किती खपतेय तुझ्यासाठी.

आणि आता लिहितेस, सप्टेंबरात नागरिकत्वाचा समारंभ आहे, तोवर दम धर. परीक्षेत पन्नासपैकी सेहेचाळीस पडले. एक प्रश्न होता म्हणे, शेजाऱ्याला अन्याय सोसावा लागत असेल तर तुम्ही काय कराल? तुला त्याचे पूर्ण गुण मिळाले. वा.

मीही एक गोष्ट केलीय, ती सांगून ठेवते. मी पुन्हा त्या चष्मेवाल्या साहेबिणीकडे गेले. सगळं नाही सांगितलं. एवढंच विचारलं, एखादी मुलगी आपली आहे हे कागद नसताना कसं सिद्ध करतात. त्या हुशार आहेत, समजल्या. म्हणाल्या, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, तिकडे मुलीच्या गालातून फिरवायची, दीड महिन्यात उत्तर. अर्ज माझ्यासमोर ठेवला. तीस जूनपर्यंत मुदत.

जिन्यात दुभाष्याने मला गाठलं आणि पुढचं सांगितलं. तुझा परवाना रद्द. भिंगरी निकाल लागेपर्यंत सरकारी वसतिगृहात. मग बहुधा माझ्याकडे, इथे. आणि इथे माझ्यासारखं कार्ड असलेल्यांच्या मुलांना शाळेत मागच्या बाकावर बसू देतात, परीक्षेला नाही. चौदाव्या वर्षी ती माझ्या बाजूला रुळावर उभी असेल. गल्लीतल्या सगळ्या बाया तिचे लाड करतील, तिला नावाने ओळखतील, आणि तिच्याजवळ नव्वद दिवसांचं कार्ड असेल.

दगडाखाली हात सापडलाय माझा, आणि दगड तू ठेवलायस. तरी मी तो ओढून काढणार नाही असं धरून चालू नकोस. चार वर्षं झाली, मला माझी मुलगी हवीय. इतकं साधं आहे ते. तिचं डोकं नाकाशी धरून वास घ्यायचाय. ती झोपेत अजून दात खाते का ते बघायचंय.

तिला विचार. तिला सांग मी इथे आहे, बरी झालेय, तिला न्यायचं म्हणतेय. तिच्या हातचं उत्तर हवं. तुझ्या हातचं आता मला पुरे झालं.


१४ जून

तिचं पत्र आलं. शाळेच्या वहीचा कागद, रेषेवर बसलेलं अक्षर. मला एक शब्द वाचता आला नाही. आपली अक्षरं ती विसरली, की तू विसरू दिलीस?

दुभाष्याकडे नेलं. तो माणूस कोण आहे माहितेय? तुझ्याच देशात दोन वर्षं होता. चारशे तास, परीक्षा, प्रमाणपत्र, सोबतीण, सगळं झालं. भाषा इतकी छान आली की त्यांच्या लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला बोलवायचे. मग त्याचा अर्ज नामंजूर झाला आणि इथे पाठवून दिला. प्रमाणपत्र अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय त्याने. कोणता देश बरा, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, ताई, तिथे मला सगळं शिकवलं आणि ठेवून घेतलं नाही, इथे काही शिकवलं नाही आणि अजून कोणी जा म्हटलेलं नाही. मला विचारू नका.

त्याने पत्र उघडलं आणि पहिल्याच ओळीला थांबला. मी म्हटलं वाचा, जसं आहे तसं वाचा.

"प्रिय मावशी," त्याने वाचलं. "मी बरी आहे. तू बरी झालीस हे ऐकून आनंद झाला. मला तू आठवतेस. तू खोकायचीस आणि मला उचलून घ्यायचीस. मी शाळेच्या पोहण्याच्या संघात आहे. माझी एक मैत्रीण आहे, तिच्या घरी मी शनिवारी राहते. तू कापसाची काडी लावलीस तर आम्हाला हे घर सोडावं लागेल. कृपा करून लावू नकोस. आई म्हणते तू समजून घेशील."

त्याने दोनदा वाचलं, कारण मी सांगितलं. मग म्हणाला, लहान आहे हो ती. मी म्हटलं, हो.

मला वाटलं होतं तुझ्यावर जाळ होईल अंगाचा. झालाही, आधी. तिला मी कोण ते तू सांगितलंच नाहीस असं मनात आलं. पण मग रुळासमोर उभी असताना एक गोष्ट समोर येऊन उभी राहिली, जी मी तुलाही कधी सांगितली नाही. तू तेव्हा पाण्याच्या रांगेत असायचीस.

त्या आठ दिवसांत तुला मी शंभर उत्तरं शिकवली. तिला एकच शब्द शिकवला. सहा वर्षांच्या मुलीला साहेबासमोर खोटं बोल म्हणून समजावता येत नाही. म्हणून तिने "आई" म्हटलं की मी ओ द्यायचं बंद केलं. आई, भूक लागली. मी चादरीची घडी घालत राहायची. आई, मी पडले बघ, गुडघा बघ. मी तंबूच्या दोरीकडे बघत राहायची. ती माझ्या तोंडासमोर येऊन उभी राहायची आणि मी तिच्या पलीकडे बघायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती हळूच म्हणाली, मावशी. मी झडप घालून तिला उचललं, मुके घेतले, खिशातली गोळी दिली. आठव्या दिवशी गाडीत बसताना ती तुझ्या गळ्यात हात टाकून माझ्याकडे बघून म्हणाली, मावशी, टाटा. मी तेव्हा खूश झाले होते गं. पोरगी पास झाली म्हणून.

तुझा देश चांगला शिकवतो यात वाद नाही. पण सुरुवात माझ्या हातची आहे.

याने तुझं माफ होत नाही. माझं मलाही माफ होत नाही, तो वेगळा प्रश्न. मी एका दिवसासाठी, एका साहेबासमोर शिकवलं होतं. ते परत पुसायचं काम तुझं होतं. तू दार लावून घेतल्यावर घरात तिला सांगू शकत होतीस, ही मावशी नाही गं, तुझी आई. चार वर्षांत एक रविवार तुला मिळाला नाही?


१ जुलै

काल गेले होते. मुदतीचा शेवटचा दिवस, बाहेर ही गर्दी. चष्मेवाल्या साहेबिणीने काडीचं पाकीट फोडून टेबलावर ठेवलं होतं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. त्यांनी घाई केली नाही. शेवटी मी विचारलं, तिकडे तिचा गाल कोण धरणार? त्या म्हणाल्या, नर्स असते, दुखत नाही. मी म्हटलं, दुखण्याचं नाही म्हणत. ती नको म्हणत असेल तर? त्या म्हणाल्या, मुलांना विचारत नाहीत.

मी उठले. सही केली नाही.

लगेच डोळे पुसून देवाचे आभार मानू नकोस. मी हे तुझ्यासाठी केलेलं नाही. मला तुझा परवाना, तुझे सेहेचाळीस गुण आणि तुझा समारंभ यांचं सोयरसुतक नाही. तिला एकदा तिच्या आईने आठ दिवसांत उपटली होती. दुसऱ्यांदा मी उपटणार नाही, एवढंच. माझा अर्ज साहेबिणीने फाडला नाही, कपाटात ठेवलाय. मुदत गेली तरी मी बघते, केव्हाही या म्हणाल्या. हे तू लक्षात ठेव.

आता माझी अट. आजपासून तुला माझं पत्र येणार नाही. येईल ते भिंगरीच्या नावाचं, बंद पाकिटात. ते न उघडता तिच्या हातात द्यायचं, आणि तिचं उत्तर न वाचता टपालात टाकायचं. पाकीट उघडलेलं मला कळेल. नाही दिलंस तर ते कपाट उघडायला मला एक सकाळ पुरते.

दुभाष्याकडून त्याचं जुनं क्रमिक पुस्तक आणलंय, तुमच्या भाषेचं पहिलं. कोपरे दुमडलेले आहेत, चित्रं आहेत. जेवणाच्या सुट्टीत तो धुलाईघराच्या फाटकाशी येतो आणि मला पाच शब्द देतो. जोडीदारीण आम्हाला बघून खोकते, डोळे मिचकावते, हिचं काहीतरी शिजतंय म्हणून सगळ्यांना सांगत सुटलीय. सांगू दे. जो देश मला कधी घेणार नाही त्याची भाषा मी का शिकतेय, हे तिला समजावत बसले तर दुपार जाईल.

तू मला ताई म्हणायचं सोडू नकोस. निदान मनात. माझं नाव तर तुझ्याकडेच आहे.


२२ नोव्हेंबर

भिंगरी,

हे पत्र मी तुझ्या शाळेच्या भाषेत लिहिते. मी रोज पाच शब्द शिकते. माझे शिक्षक चुका बघतात.

मी छत्तीस वर्षांची आहे. मी शहरात राहते. माझ्या खोलीत एक पलंग आहे, एक खिडकी आहे, दोन खुर्च्या आहेत. मी चादरींना इस्त्री करते. चादरी पांढऱ्या आणि गरम आहेत. माझी मैत्रीण मोठ्याने गाते. मला खोकला नाही.

तुझ्या घरात जी बाई आहे ती माझी बहीण आहे. ती तुला जेवण देते. ती तुला शाळेत सोडते. हे चांगलं आहे. मी तिच्यावर रागावले आहे. मी तुझ्यावर रागावले नाही.

मी मावशी नाही. मी आई आहे. माझी चूक आहे, तुझी चूक नाही.

तू तिथे राहा. तिथे शाळा आहे. तिथे मैत्रीण आहे. तिथे पोहायचं पाणी आहे. मी काडी लावत नाही. तू घाबरू नकोस.

मला पत्र लिही. तुझं आवडतं काय, नावडतं काय, ते लिही. सोपं लिही. मी अजून पहिल्याच पुस्तकात आहे.